कोऱ्या कागदावरचे अंगठे

मी नर्सिंगचा पदवीधर झालो तो अमरावतीच्या माझ्या मार्गदर्शक मॅडममुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. चांदूर बाजारहून आलेल्या मला त्यांनी इंग्रजी शिकवलं, होस्टेलात खोली मिळवून दिली आणि शेवटच्या वर्षी आपल्या संशोधनात मदतनीस म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. पुढे मी तिथेच नोकरीला लागलो.

संशोधन होतं मधुमेहाने पायाला झालेल्या जखमांच्या ड्रेसिंगवर. नियम मॅडमनीच वर्गात शिकवला होता. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा बोलीत वाचून दाखवायचं, नकार देण्याची मोकळीक द्यायची, मगच सही किंवा अंगठा. वॉर्डात मात्र त्या म्हणाल्या, "आधी अंगठे घे, मजकूर नंतर भरू. तू त्यांच्यासारखं बोलतोस, तुला कोणी अडवणार नाही."

कोणी अडवलं नाही. बार्शीटाकळीच्या एका आजीने तेवढं विचारलं, "हे कायले रे बापू?"

"इलाजासाठी हाय, आजी," म्हणत मी शाईचा पॅड पुढे केला. साक्षीदार म्हणून सही माझीच.

वर्षभराने आजी पाय दाखवायला आली, तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीबाहेर त्या संशोधनाचं पोस्टर लागलं होतं. त्यावर ड्रेसिंग करताना काढलेला आजीचा हातभर फोटो. लुगडं गुडघ्यावर, टाचेची जखम उघडी, चेहरा स्पष्ट. रांगेत तिच्या गावचे दोघे उभे होते. तिने पदर तोंडावर ओढला.

"मले इचारलं काहून नाई? सोयऱ्यायनं पाह्यलं त काय म्हनतीन?"

मी मॅडमना फोन केला. त्या हसल्या. "अंगठा आहे ना कागदावर? त्या बायांना काय कळतं? तूही तिथलाच, मी वर आणलं म्हणून बोलतोयस."

फोन ठेवला तेव्हा माझं ठरलं होतं. पोस्टर उतरवून मी कपाटात ठेवलं. मग महिनाभर ड्रेसिंगला येणाऱ्या, संशोधनातल्या त्याच रुग्णांना विचारत गेलो, तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहिली, वाचून दाखवली, मग अंगठे घेतले. इतकं मन लावून मी परीक्षेचाही अभ्यास केला नव्हता. सगळं कॉलेजच्या नीतिसमितीकडे पाठवलं आणि त्याच टपालाने मॅडमना पत्र टाकलं.

"मॅडम,

तुमच्या संशोधनाविरुद्ध मी तक्रार केली आहे. साक्षीदाराची माझी सही खोटी होती, हेही लिहून दिलं आहे. त्यात माझी नोकरी गेली तरी चालेल. तुमचा शोधनिबंध मागे घेतला जाईपर्यंत मी गप्प बसणार नाही. तुम्ही मला वर आणलंत हे मी विसरलेलो नाही, म्हणूनच हे तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटलं. चौकशी होईल त्या दिवशी पोस्टरवरची आजी येणार आहे. मी तिला विचारलं, ती हो म्हणाली. तिला का विचारलं नाही, ते तिला कळेल अशा बोलीत सांगायची तयारी करून या.

तुमचा विद्यार्थी"