अतिशय बेस

वेस्ट मांबलमच्या व्यासराजांना कुणी सहज 'काय विशेष?' असं विचारलं, की दुसऱ्या मिनिटाला त्या माणसाच्या कानात इयरफोन गेलेला असे. वय एकोणसाठ, एग्मोरच्या बँकेत तीस वर्षांची नोकरी, कपाळावर गोपीचंदन. समोरच्याला वाटे, आता एखादं भजन ऐकावं लागणार. आणि कानात वाजू लागे ते कुणा चार पोरांनी पार्किंगमध्ये बसून बसवलेलं गाणं. त्या बँडचं नाव पोरांच्या आयांनीही ऐकलेलं नसे.

मुलगी लग्न होऊन कोइमतूरला गेली तेव्हा तिचा हेडफोन इथेच राहिला. तो चालतो का हे बघायला व्यासराजांनी कानाला लावला, आणि गेली सहा वर्षं ते बघतच आहेत. ज्यांना कोणी ऐकत नाही असे बँड शोधायचे आणि दर शनिवारी सकाळी एकेचाळीस माणसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातला एक सुचवायचा, असा त्यांचा नेम. एकादशी चुकली असती, शनिवार चुकला नसता. बँड का आवडला याचं पाल्हाळ ते कधी लावत नसत. गाणं सांगायचं आणि ते कुठे ऐकायचं ते सांगायचं: 'कोडंबाक्कम स्टेशन सुटलं की लावा, एग्मोर येईतो संपतं.' खाली एकच शब्द, 'बेस'. एखाद्या बँडला हजारावर ऐकणारे मिळाले की त्याचं नाव यादीतून कटाप. पोरगी नांदायला लागली, आता आपण कशाला मधे पडा, असं त्यांचं म्हणणं.

आता या 'बेस'बद्दल. व्यासराजांचं घराणं तंजावरकडचं. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले ते जी मराठी घेऊन आले, तीच त्यांच्या घरात अजून चालते, तमिळची फोडणी देऊन. तिथे चांगल्याला 'बेस' म्हणतात. रसम बेस, हवा बेस, जावई बेस. ग्रुपमधले उमाकांत मूळ साताऱ्याकडचे, इथल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. नाट्यगीतांपलीकडे त्यांना काही कळत नसे, पण दोस्तीखातर ते दर शनिवारी शिफारस ऐकत आणि इमानेइतबारे अंगठा पाठवत.

तर या व्यासराजांना मे महिन्यात 'अरै इडली' नावाचा बँड सापडला. अरै म्हणजे अर्धी. पेरुंगुडीच्या आयटी कंपन्यांत नोकऱ्या करणारी तीन मुलं, ऐकणारे जेमतेम साठ. गाणं होतं पाण्याच्या टँकरवर, 'तण्णी लॉरी'. सुरुवातीला काहीच नाही, नुसता एक खोल, जाड सूर, गल्लीच्या तोंडाशी लॉरी वळत असल्यासारखा. तो सूर हळूहळू जवळ येतो, मग ढोल, मग गाणं, आणि मधेच एक बाई चक्क मराठीत ओरडते, "अरे, आधी कळशी आण!" व्यासराज नुंगंबाक्कमला लोकलच्या दाराशी उभे होते ते मोठ्याने हसले. बाजूच्या बाईने पर्स छातीशी धरली.

ही तर आपलीच पोरं, असं वाटून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाण्याखाली अभिप्राय लिहिला. देवनागरी टंकायचा सराव नव्हता, म्हणून इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध घरच्या मराठीत: 'बेस. अतिशय बेस. एवढं बेस आजवर ऐकलं नाही.' मग गाणं ग्रुपवर टाकलं आणि उमाकांतांना फोनवर सांगितलं, सुरुवातीची लॉरी तेवढी ऐका. ग्रुपने ते पुढे धाडलं, आणि आठवड्यात साठाचे तीनशे झाले. जून संपताना पेरुंगुडीत बँडचा कार्यक्रम होता, रविवारी दुपारी चारला. ग्रुपमधल्या बाराजणांनी येतो म्हणून कळवलं.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी व्यासराजांनी गाडीत पुन्हा 'तण्णी लॉरी' लावलं. लॉरी आलीच नाही.

म्हणजे गाणं होतं, ढोल होता, कळशीवाली बाईही होती. तो खोल सूर मात्र नव्हता. त्यांनी आवाज वाढवला. इयरफोन काढून पुसले, डावा उजवीकडे घातला, उजवा डावीकडे. एग्मोरला उतरून नवे विकत घेतले. सूर नव्हता तो नव्हताच. ज्या गाण्याच्या पायाशी तेवढा एक सूर होता ते गाणं आता तिसऱ्यांदा पाणी घातलेल्या रसमासारखं लागत होतं.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गाण्यातच काही घोळ झाला असेल. व्यासराजांना ते सुचलं नाही, कारण त्यांना वडील आठवले. बालाजीराव साठीच्या उंबरठ्यावर एकदा कचेरीहून, म्हणजे गाण्याच्या बैठकीहून, आले आणि म्हणाले, आजच्या कार्यक्रमात मृदंगाची डावी बाजू कोणी वाजवलीच नाही. घरचे हसले. वर्षभरात त्यांना दारावरची थाप ऐकू येईना, आणि पुढची बारा वर्षं ते माणसांत बसून सगळ्यांच्या मागोमाग एक क्षण उशिरा हसत राहिले. त्यांचंही आधी खालचंच गेलं होतं.

मन चिंती ते वैरी न चिंती. व्यासराज चोरून परीक्षा घेऊ लागले. उभ्या बसचं इंजिन ऐकू येतं का? येतं. पण पूर्वीइतकं येतं का? हे कोण सांगणार? मागच्या महिन्यातला कान आज कुठून आणायचा? दुसऱ्या बँडची गाणी लावली तर तिथला खर्ज कधी वाटे आहे, कधी वाटे आपण तो आठवणीतून भरतोय. कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना घरापासून चार इमारतींवर होता. ते पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागले. डॉक्टरने एकदा सांगितलं की ते खरं झालं, आणि व्यासराजांना ते इतक्यात खरं व्हायला नको होतं. पत्नीलाही, सईबाईंनाही, ते काही बोलले नाहीत.

त्या शनिवारी शिफारस गेली नाही. ज्याचा कान गेला त्याने कोणत्या तोंडाने दुसऱ्याला ऐका म्हणावं? पुढच्या शनिवारीही गेली नाही. उमाकांतांचा फोन आला, तब्येत बरी ना म्हणून. व्यासराजांनी बँकेतल्या कामावर ढकललं. पेरुंगुडीलाही जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण उमाकांत ऐकेनात. अहो, बारा माणसं तुमच्या शब्दावर यायची आणि तुम्हीच नाही, हे शोभतं का? रविवारी दुपारी ते गाडी घेऊन थेट दारातच उभे राहिले.

एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर लाकडी बाकं टाकली होती. माणसं पन्नासेक. व्यासराज अगदी पुढच्या बाकावर बसले, जवळून तरी ऐकू येईल म्हणून. समोर एक मुलगा गिटार घेऊन, एक ड्रमवर. पहिलंच गाणं 'तण्णी लॉरी'. व्यासराजांनी डोळे मिटले आणि कानांत प्राण आणले. लॉरी आली नाही. दहा फुटांवरूनही आली नाही. संपलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आता उरलेला जन्म उशिरा हसायचं.

तेवढ्यात शेजारून उमाकांत कानाशी लागले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणायचात ती लॉरी कुठाय हो? मघापासून वाट बघतोय."

व्यासराजांनी डोळे उघडले. ज्या माणसाला पेटी आणि तबल्यापलीकडे काही कळत नाही, त्यालाही ऐकू आलं नाही? त्यांनी पुन्हा समोर पाहिलं. गिटार एक, ड्रम एक. बँडच्या फोटोत तिघं होती. तिसरी, जाड तारांची गिटार गळ्यात घेतलेली मुलगी, कुठे होती? इतके दिवस कान तपासणाऱ्या माणसाने डोळे एकदाही वापरले नव्हते.

गाणं संपताच ते उठून मंचापाशी गेले. गिटारवाल्या मुलाचं नाव तरुण. आईवडील नाशिकचे, हा इथेच वाढलेला, मराठी घरापुरती. व्यासराजांनी त्या मुलीचं विचारलं.

"हरिणी ना? ती सोडून गेली," तरुण म्हणाला. "बेस गिटार तिची होती. पण बेस फार होतोय अशी तक्रार आली, म्हणून आम्ही गाण्यातून तो खालचा सूरच काढला. जुनं गाणं उतरवून त्याच नावाने नवं चढवलं. तिला राग आला."

"तक्रार कोणाची?"

तरुणने फोन पुढे केला. एक काका आहेत, तो सांगू लागला, कोण ते माहीत नाही, पण आमचे सगळे नवे ऐकणारे त्यांच्यामुळे आले, मग त्यांचं ऐकायचं नाही तर कोणाचं? मराठीत लिहिलं होतं, मीच बाकीच्यांना अर्थ सांगितला: बेस, प्रमाणाबाहेर बेस, एवढा बेस आजवर ऐकला नाही.

व्यासराजांनी स्वतःचंच वाक्य वाचलं आणि ते मंचाच्या कडेवर बसले. खरं सांगायचं तर आधी लाज नाही वाटली. आधी जीव भांड्यात पडला. सूर गेला होता तो गाण्यातून गेला होता, कानातून नाही. ते हसायला लागले, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी. "मी बहिरा नाही," ते उमाकांतांना म्हणाले, "नुसता तंजावरचा आहे." उमाकांतांना आपल्या आत्याच्या तोंडचा 'बेस' आठवला आणि ध चा मा कसा झाला ते त्यांनीच तरुणला समजावून दिलं. तरुणचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग मात्र लाज वाटली, आणि चांगलीच. हरिणी तिथेच होती, मागच्या बाकावर. बँड सोडला तरी कार्यक्रम चुकवायचं मन झालं नव्हतं. व्यासराज तिच्याकडे गेले आणि तमिळमध्ये सगळं सांगितलं, शब्द, त्याचा अर्थ, तीनशे वर्षं, सगळं. महिनाभर तिची गिटार खाटेखाली पडून होती, एका अनोळखी माणसाच्या एका ओळीपायी.

"ते मी तुझ्या त्या सुरासाठीच लिहिलं होतं," शेवटी व्यासराज म्हणाले. "दुसऱ्या कशासाठी नाही. मला माफ कर."

हरिणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग तरुणकडे पाहिलं, त्याला दोन शब्द असे सुनावले की ते इथे लिहिता येत नाहीत, आणि जिना उतरून गेली. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पंधरा मिनिटांत ती गिटार घेऊन परत आली.

'तण्णी लॉरी' पुन्हा सुरू झालं. आधी काहीच नाही. मग व्यासराजांच्या मांडीखालचं बाक हलकेच थरथरलं, ती थरथर पाठीतून वर चढली आणि कानात आली. लॉरी वळली. सावकाश, जड, पाण्याने भरलेली. उमाकांत म्हणाले, "आली बघा." व्यासराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. सईबाई स्वयंपाकघरात कॉफीचं डिकॉक्शन काढत होत्या. व्यासराज दारात उभे राहिले आणि तीन आठवडे पोटात ठेवलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, बाबांसारखं होईल म्हणून आपण किती भ्यालो होतो तेही. सईबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचं या बाईला काहीच कसं वाटलं नाही, म्हणून ते जरा हिरमुसले.

"मला ठाऊक होतं," सईबाई म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"तुमचे कान बेस आहेत ते. तुम्मी बसचा आवाज ऐकत रस्त्यांत उभे ऱ्हाता, ते मला समजत नाही का? बाबांचं मी पाहिलेली आहे. तुम्मी सांगिटलं नाही, मग मी कसी विचारू? पंधरा दिवस झाले, मी इथून मुद्दाम हळू बोलतें. रोज थोडं थोडं हळू. दर वेळी तुम्मी ओ दिलांत." त्यांनी डिकॉक्शनमध्ये दूध ओतलं. "काल तर मी नुस्ते ओठ हलवले. तेवढं एकदाच तुम्हांला ऐकू आलं नाही."