दोन्ही बाजूंची झेरॉक्स

खालापुरात दवाखान्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या सिस्टर चालत नाहीत, धावतात, आणि बोलतानाही हसू आधी येतं, शब्द मागून. मुका मार लागलेल्या बाईसोबत नवरा आला की त्या त्याला माझ्याकडे पिटाळतात. "आधारची झेरॉक्स आणा, दोन्ही बाजूंची!" मागोमाग मला फोन येतो, "मशीन बिघडलंय हां भाऊ, दहा मिनिटं!" मग मी कागद अडकवतो, टोनर हलवतो, नवऱ्याला पंख्याखाली बसवून ठेवतो. मला तर भारी मजा येते.

चहाला आल्या की सिस्टर म्हणतात, "नवरा शेजारी हाय तोवर बाई मोरीत पडलेली असते. तो झेरॉक्सला गेला, की मोरीचं नाव नवऱ्याचंच निघतं!" त्यांच्या कपातला चहा हिंदकळतो, मीही पोट धरून हसतो.

परवा बायकोचं मनगट सुजलं, म्हणून मीच तिला घेऊन गेलो. "मोरीत पडली," मीच सांगून टाकलं.

सिस्टर गोड हसल्या. "भाऊ, आधारची झेरॉक्स आणा. दोन्ही बाजूंची."

"अहो, मशीन माझंच आहे..."

"बिघडलंय ते," त्या म्हणाल्या आणि दार आतून लावून घेतलं.