दुसऱ्याचं मशीन

सकाळचा चहा गाळत होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत..." कोलार रोडवरच्या माझ्या घरून इंद्रपुरीला त्यांच्याकडे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादाला जाऊन आता सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, दिवस जातील तसं दुःख हलकं होतं. माझं तरी झालेलं नाही.

दादा इथल्या कारखान्यात टर्बाइन फिटर होता. चालत्या मशीनला लाकडी दांडा टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचा. पण फक्त स्वतःच्या मशीनचं. कारखान्यात रिवाजच होता, दुसऱ्याच्या मशीनवर बोलायचं नाही. तिथं उभा असलेला माणूस मूर्ख नसतो. हा रिवाज दादाने टाउनशिपमध्ये, नातेवाइकांत, सगळीकडे पाळला. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि मीही तेच शिकलो.

तो निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही दोघे मुंबईहून विमानाने परत येत होतो. विमान वर गेलं आणि दादाने खिडकीखाली तळहात टेकवला. त्याचा चेहराच उतरला. "डावं इंजिन... बेअरिंग गेलंय." मी म्हटलं, "सांगू या का कुणाला?" तो म्हणाला, "त्यांचं मशीन आहे. आपण काय बोलायचं?" दहाएक मिनिटं त्याने हात तसाच ठेवला. मग धाडकन आवाज झाला, विमानाला हिसका बसला, मागे कुणी बाई रडू लागली. कॅप्टन बाईंनी शांतपणे सांगितलं, एक इंजिन बंद केलंय, दुसऱ्यावर आपण मुंबईला परततोय. उतरलो, तेही अलगद. सगळे टाळ्या वाजवत होते. दादा मात्र दारात कॅप्टन बाईंपुढे हात जोडून उभा राहिला. "मैडम, मुझे पहले से पता था. मैं बोला नहीं." त्या म्हणाल्या, "अंकल, हमें भी पता था. हम उसी पर नज़र रखे थे." एवढ्यावर कुणीही सुटकेचा श्वास टाकला असता. दादा बाहेर येऊन मला म्हणाला, "त्यांना ठाऊक होतं, हे मला कुठं ठाऊक होतं?"

तेव्हापासून तो बोलू लागला. कुणाचा कूलर, कुणाची स्कूटर, कुणाची पाण्याची मोटर... शेजारी वैतागायचे, पाठीमागे हसायचे. स्वतःच्या तब्येतीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

शेवटच्या रविवारी तो माझ्याकडे आला. लिफ्ट बंद होती. तीन मजल्यांत चारदा थांबला. छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. मी शेजारीच उभा होतो. थोरल्या भावाला आपण काय सांगायचं, असं मनात आलं आणि मी जिन्यातल्या गेलेल्या बल्बबद्दल बोललो. मंगळवारी तो गेला.

तेराव्याला वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे आले होते तेव्हा काही जाणवलं होतं का हो?" मी म्हटलं, "नाही, ठीक होता की." त्यांना ते पटलं. दुपारी त्या दादाच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्राची ही पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. समोर बसून सांगायचा धीर मला अजून झालेला नाही, म्हणून इथे लिहितो. वहिनी, मला ऐकू आलं होतं.