चौथ्या फेरीनंतर

गेरार्ड वावझिन्याकला खुर्चीत स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं कुणी म्हणालं, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. एकोणीस वर्षं मी त्याचा मेकॅनिक होतो. प्रार्थनेला चर्चमध्ये बसला तरी याचा डावा पाय बाकाखाली ठकठक करायचा, आणि पाद्रीबाबा बोलता बोलता थांबून त्याच्याकडे बघायचे.

आमच्या गावात रविवार म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकली. अख्खं गाव सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतं आणि समोर चार जण चार फेऱ्या मारतात. गाडीला ब्रेक नसतो, वळायचं फक्त डावीकडे, आणि डाव्या पायात लोखंडी तळाचा बूट घालून तो जमिनीवर घासत न्यायचा. मिनिटभरात खेळ खलास. गेरार्डने असल्या शर्यती हजारांनी मारल्या. मग एका एप्रिलमध्ये तो कुंपणावर आदळला आणि खुब्यात सहा स्क्रू घेऊन घरी आला. वय छत्तीस. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा मोटारसायकलवर बसलास तर माझ्याकडे येऊ नकोस, सरळ पाद्रीकडे जा."

घरी बसला म्हणजे काय, फिरत बसला. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. त्याची बायको लुत्सिना बटाटे सोलायची आणि हा तिच्या पाठीमागून येरझाऱ्या घालायचा. तिने बस डेपोत त्याच्यासाठी ड्रायव्हरची नोकरी बघून ठेवली होती. तो नाही म्हणेना आणि हो म्हणेना.

दीड वर्षं अशी गेल्यावर शेवटी त्यानेच तोडगा काढला. अर्ध्या मातीच्या, अर्ध्या डांबरी ट्रॅकवर चारचाकी गाड्यांच्या शर्यती होतात, त्यात उतरायचं. लुत्सिना म्हणाली, "एक उन्हाळा देते. सप्टेंबरपर्यंत एकदा तरी पहिला ये. नाही आलास, तर एक ऑक्टोबरला बस चालवायची. आणि मग कुरकुर ऐकणार नाही."

"एकदाच?" गेरार्ड हसला. "दहादा येतो."

मी मनात म्हटलं, झालं, माझाही उन्हाळा गेला.

जुनी छोटी फियाट घेतली, आतलं सगळं उपसून काढलं. जूनमध्ये पहिली स्पर्धा. मातीवर गाडी आडवी घालायची कला तर याच्या रक्तातच, सकाळच्या छोट्या शर्यतींत सगळ्यांना धूळ चारली. अंतिम शर्यतीतही सुटल्यापासून पुढे. चौथी फेरी संपली आणि या शहाण्याने गॅसवरचा पाय काढला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि लोकांना अभिवादन करायला लागला. अंतिम शर्यत सहा फेऱ्यांची होती. पाच गाड्या त्याच्या बाजूने निघून गेल्या तरी याचा हात वरच.

लोक हसून हसून लोळले. मी टोपी जमिनीवर आपटली.

"अरे, सहा! सकाळपासून तुला किती वेळा सांगितलं?"

"माहीत होतं रे," तो म्हणाला. तोंड पांढरंफटक पडलेलं. "डोकं सहा म्हणत होतं. पाय चार म्हणाला."

मी गाडीच्या आत, त्याच्या डोळ्यांसमोर, पांढऱ्या रंगाने हाताएवढा सहाचा आकडा काढला. जुलैमध्ये हात खिडकीबाहेर नाही आला, पण चौथ्या फेरीनंतर पाय सैल पडलाच. तिसरा आला. ऑगस्टमध्येही तेच, दुसरा आला. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घ्यायचा आणि गाडीभोवती गोल गोल फिरायचा. डावीकडूनच.

सप्टेंबरची शेवटची स्पर्धा. त्या दिवशी लुत्सिना आली. त्या अपघातानंतर ती कुठल्याच ट्रॅककडे फिरकली नव्हती, शर्यतीच्या दिवशी घरातल्या खिडक्या पुसत बसायची. आता चर्चला जायचे चांगले बूट घालून, पर्स काखेत धरून ती माझ्याजवळ उभी राहिली.

"मिस्त्री, त्याला सांगू नका मी आलेय ते."

"पर्समध्ये काय आहे?"

"डेपोचा अर्ज. भरलाय. सही तेवढी राहिलीय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ही बाई हरलेल्या माणसाला गाडीतून उतरताच पकडून न्यायला आलीय. मी तिच्याकडे पाठ फिरवली. शर्यत सुटली.

पहिली फेरी, पुढे गेरार्ड. दुसरी, तिसरी, पुढे गेरार्ड. मागची निळी गाडी चिकटलेली. चौथी संपत आली आणि इंजिनाचा आवाज किंचित बसला. इतकी वर्षं त्याची इंजिनं ऐकलेली, मला कळणार नाही? मी डोळे झाकले.

आणि बाजूला धडधड ऐकू आली. बघतो तर लुत्सिना माझ्या हत्यारांच्या पेटीवर चढलेली, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. तो बूट डोक्यावर नाचवत ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "चल! अजून दोन! थांबलास तर बघ!"

आवाज त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण इंजिन पुन्हा गरजलं. पाचवी फेरी गेली, सहावी गेली. निळ्या गाडीच्या पुढे बोनेटभर अंतर राखून गेरार्ड पहिला आला.

"मला वाटलं, ती बूट फेकून मारणार," गाडीतून उतरत तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर चषक मांडीवर घेऊन चुळबुळत होता. मी लुत्सिनाला हळूच विचारलं, "नुसती गप्प उभी राहिली असतीस, तर तुला हवं तेच झालं असतं. मग का गं?"

ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "मी अजून घाबरते, मिस्त्री. तो गाडीत बसला की माझे हातपाय गार पडतात. पण घरात दीड वर्षं जो फिरत होता ना, तो कोण होता मला माहीत नाही. त्याच्याबरोबर म्हातारं व्हायचं नव्हतं मला."

पुढची दोन वर्षं गेरार्ड देशात पहिला आला. त्याचा पाय मात्र सुधारला नाही, चौथ्या फेरीनंतर सैल व्हायचा तो व्हायचाच. म्हणून लुत्सिना प्रत्येक स्पर्धेला यायची. चौथी फेरी संपत आली की माझ्या पेटीवर चढायची, बूट हातात उंच धरायची आणि डोळे घट्ट मिटून घ्यायची.