हर्मीनची सात रंगांची जमीन

हर्मीन वोल्बर्सच्या बरोबर खाली मी एकतीस वर्षं राहिले, त्यामुळे तिची सगळी ठोकाठोक माझ्या डोक्यावर झाली आहे. तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला?

आमच्या एन्स्केडे या डच गावात भाड्याचं घर सोडताना खालची लाकडी जमीनसुद्धा उखडावी लागते. पडदे, दिवे, लॅमिनेटच्या फळ्या, सगळं काढायचं आणि नुसता कोबा ठेवून किल्ल्या परत करायच्या. येणाऱ्यानं स्वतःची जमीन आणायची. धडधाकट फळ्या मग कचऱ्यात जातात. आम्हाला यात काही वावगं दिसत नव्हतं. हर्मीनला दिसलं, कारण नवऱ्याला सोडून दोन लेकरांसह ती इथे आली तेव्हा नोव्हेंबर होता, हातात दमडी नव्हती, आणि पोरं कोब्यावर निजून खोकत होती. समोरचं बिऱ्हाड त्याच आठवड्यात हलत होतं. ते लोक फळ्या घेऊन जिना उतरायला लागले तशी तिनं वाट अडवली.

"फेकणारच आहात ना? मग माझ्या दारात फेका."

पुढे जो जाईल त्याच्या फळ्या तिच्याकडे. जमीन सात रंगांची झाली. टाकून दिलेल्या दाराचं टेबल झालं, शाळेच्या मोडक्या बाकांचे पलंग झाले, बंद पडलेल्या थिएटरच्या मखमलीचे पडदे झाले. तिची बहीण एकदा कॉफीला आली आणि नाक मुरडून म्हणाली, "लोकांच्या उष्ट्यावर संसार थाटलास गं." हर्मीननं बिस्किटांचा डबा उचलून फडताळात ठेवून दिला.

या वर्षी तिचे गुडघे संपावर गेले. इमारतीतच तळमजल्यावर घर मिळत होतं. घरं देणाऱ्या संस्थेचा टेर होर्स्ट वरचं घर तपासायला आला आणि जमिनीकडे बघून त्यानं मान हलवली.

"शुक्रवारी कोबा दिसला पाहिजे, हर्मीनबाई. नाहीतर खालच्या किल्ल्या नाहीत."

"इथे कोण येणार आहे?"

"एक बाई आहे, लहान मुलीला घेऊन. सोमवारी येईल."

"मग तिला विचारा. हवी असेल तर राहू दे."

"तिची सही झाल्याशिवाय विचारता येत नाही. आणि तुमचं घर रिकामं झाल्याशिवाय तिची सही होत नाही."

हर्मीन लालबुंद झाली. मी आपली शहाणपणानं बोलले, "अगं, गुडघ्यांकडे बघ. टाकू कचऱ्यात आणि सुटू." त्यावर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी माझी मलाच लाज वाटली आणि मी पक्कड घेऊन वर गेले. दोन दिवस ती उशीवर बसून एकेक फळी न मोडता सोडवत होती आणि मी सुतळीनं गठ्ठे बांधून माझ्या अडगळीच्या खोलीत नेत होते. शुक्रवारी टेर होर्स्टनं कोबा पाहिला, कागदावर बरोबरची खूण केली आणि म्हणाला, "बघा, उगाच वाद घालत होतात." माझे हात शिवशिवले.

सोमवारी सकाळी आठपासून हर्मीन जिन्यात बसली होती, मांडीवर रबरी हातोडी आणि शेजारी थर्मास. दहा वाजता इरिट्रियाची लेताय आली, कडेवर झोपलेली मुलगी, हातात दोन पिशव्या. दार उघडून ती कोब्याकडे नुसती बघत राहिली. आम्ही फळ्या आत आणायला लागलो तशी ती घाबरली.

"माझ्याकडे द्यायला काही नाही."

"मी मागितलंय का?" हर्मीन म्हणाली. "ते टोक धर."

संध्याकाळपर्यंत तिघींनी मिळून जमीन बसवली. हर्मीनला उठवायला आम्ही दोघी लागलो.

पुढच्याच आठवड्यात टेर होर्स्ट लेतायकडे हीटर बघायला आला. आम्ही दोघी तिथेच कॉफी पीत होतो.

"हीच जमीन मी काढायला लावली होती," तो म्हणाला.

"काढली होती," हर्मीन म्हणाली. "तुमच्याच कागदावर खूण आहे."

तो लेतायकडे वळून म्हणाला, "घर सोडताना हे सगळं तुम्हाला उखडावं लागेल, ध्यानात ठेवा."

लेतायनं मुलीला खाली सोडलं. ती फळ्यांवरून रांगत निघाली.

"उखडीन," लेताय म्हणाली. "आणि पुढची बाई येईपर्यंत जिन्यात बसून राहीन."