जोडीचा पाट

मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर उघडताना तो गेला.

त्याच्याइतक्या मोठ्यानं बोलणारा माणूस कोल्हापुरातही दुसरा झाला नसेल, आणि कोल्हापुरात हे सोपं नाही. शाहूपुरीत त्याचं शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. वरच्या खोलीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आम्ही दोघं संसार करत होतो. हाच शब्द बरोबर आहे. तोही हाच वापरायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, म्हणून त्याच्या लेखी मास्तर. खालून जेवायला येताना तो अशी हाक द्यायचा, की आज आमच्याकडे कसली भाजी आहे ते गल्लीला कळावं. खानावळीत गेलो की मालकाला बजावायचा, "तांबडा रस्सा मला, पांढरा मास्तरला. त्याचं पोट कागदाचं हाय." एखादं नवं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारी, "हे पावणं कोण?" दुसऱ्या कोणी मित्र म्हटलं असतं, भाडेकरू म्हटलं असतं. तो हातातली तार न सोडता म्हणायचा, "पावणं न्हवं, घरचं माणूस," आणि गिऱ्हाइकाला समजेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. काहींना समजे. काही मोटार उचलून शेजारच्या दुकानात जात. मी म्हणायचो, जरा हळू बोलत जा. "का? चोरी केलीया का काय मी?"

पण त्याचा खरा हट्ट आहेराचा. आमच्याकडे लग्नात मानाच्या जोडप्याला शेजारी शेजारी पाटावर बसवतात. त्याला टॉवेल-टोपी, तिला साडी. एकट्याला एकच पाट. त्या एका पाटावर तो कधी बसला नाही. "अर्धा आहेर घेत न्हाई," म्हणायचा, पोटभर जेवायचा आणि उघड्या डोक्यानं परत यायचा. सोयरेधायरे याला त्याचा विक्षिप्तपणा समजून हसत. पुढं गडमुडशिंगीला त्याच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, मुलीचं लग्न निघालं. तो सख्खा मामा. मामाशिवाय नवरी बोहल्यावर यायची नाही. अक्कांनी मामासाठी पाट मांडला, तर यानं स्वयंपाकघरातून दुसरा आणून शेजारी ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसला.

"अक्का, पाट कमी पडलाय."

"पाट न्हाई, तुझी बुद्धी कमी पडलीया. ऊठ, मुहूर्त जातोय."

"मास्तरला बोलीव."

वाजंत्री थांबली. भटजी घड्याळ बघू लागले. अक्कांचे चुलतसासरे, तात्या, गरजले, "दोन बाप्यांचा कसला रं जोडीचा आहेर?"

"तात्या, तुमच्या लग्नाला अख्खं गाव साक्षीला हुतं. काकूला ताप आला तवा तुमी तिला म्हायेरी धाडून दिलंसा. मास्तरला टायफॉइड झाला तवा मी दुकान बंद ठिऊन त्याच्या उशाला बसलो. सांगा आता, कुणाचं लगीन पक्कं?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी मांडवामागं पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. अक्का तरातरा आल्या. "उठा मास्तर. तुमच्यापायी माझी लेक बिनलग्नाची ऱ्हाईल." दुसऱ्या कुणासाठी आणलेली टॉवेल-टोपी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "खण देत न्हाई. शोभायचा न्हाई तुमास्नी." त्या दिवशी बोहल्याकडं नवरीला नेताना तो असा चालला होता, जणू लग्न त्याचंच होतं.

त्याच्या बाराव्याला दुखवट्याचा आहेर होता. गेलेल्याचं जे सर्वांत जवळचं, त्याला पाटावर बसवून सोयरे टॉवेल-टोपी देतात. तात्यांनी पाट मांडला आणि अक्कांच्या मुलाला बसवलं. मी दाराशी, चपलांजवळ होतो. दुसरा पाट आणायला आता कोणी नव्हतं.

अक्का उठल्या. मुलाला म्हणाल्या, "तू ऊठ. मामाचं माणूस दारात बसलंय."

पोरगा उठला. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच पाट सरळ केला आणि म्हणाले, "या मास्तर."

नात्यागोत्यात एवढं झालं. कायद्यात मी त्याचा कोणी नव्हतो, त्यामुळं दुकान आणि खोली अक्कांच्या नावावर गेली. त्या म्हणतात, राहा, आणि मी राहतो. पण आमचं लग्न होऊ शकलं असतं, तर मागं उरल्यावर मला नणंदेच्या चांगुलपणावर राहावं लागलं नसतं. हे त्यानं शाहूपुरीच्या चौकात उभं राहून सांगितलं असतं. माझा आवाज तेवढा नाही, म्हणून लिहितो.

बाराव्याचा टॉवेल वापरून विरला. टोपी खुंटीला आहे. जेवताना मी अजून दोन पाट मांडतो.