फिटरकाकांनी बिघडवलेलं घड्याळ

चालत्या वस्तूवर ती उघडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, अशा बाण्याचा माणूस अख्ख्या संत तुकाराम नगरात एकच होता आणि तो नेमका आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायचा. कंपनीत फिटर, म्हणून सगळ्यांचे फिटरकाका. आठवडाभर हातभर लांबीचे पाने फिरवणारा हा धिप्पाड गडी सुटीच्या दिवशी डोळ्याला भिंग लावून लोकांची मनगटी घड्याळं उघडत बसे, तीही हौसेखातर. त्या दिवशी पंखा बंद, खिडक्या बंद. फोडणीने ठसका लागून चिमट्यातला स्क्रू उडाला तर सगळी बिल्डिंग जमिनीवर रांगायला लागे, म्हणून शेजारपाजारीही बिनफोडणीचं वरण शिजे. "ह्यांच्या घड्याळांपायी आमच्या जिभा गंजल्या," काकू म्हणायच्या. सुटे भाग काकूंच्याच स्टीलच्या ताटात, उघडले त्या क्रमाने मांडलेले असत. एकेका चाकाला पेट्रोलची आंघोळ घडे, सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल मिळे, आणि घड्याळ टिकटिकायला लागलं की काका बाळाचं रडणं ऐकलेल्या बापासारखे हसत.

वडील गेले आणि वर्षभरात त्यांचं घड्याळही बंद पडलं. आईने ते काकांकडे दिलं. संध्याकाळी काका ऐटीत आले. "वहिनी, ह्ये दिवसाला चार मिनिटं पुढं पळत व्हतं. आता केसभर हलायचं न्हाई!"

आई हसली. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की वडील ते घड्याळ चार मिनिटं मागे घेत. ते गेल्यावर आई घेई. त्यांचं तेवढं एकच काम तिच्या हातात उरलं होतं. आता भोंगा व्हायचा, ती घड्याळ उचलायची आणि तसंच खाली ठेवायची. न राहवून मी हे काकांना सांगितलं. ते नुसतं "व्हय?" म्हणाले आणि बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

पुढच्या सुटीला तेल द्यायचं राहिलं म्हणून काका घड्याळ मागून घेऊन गेले आणि पुन्हा सगळीकडे बिनफोडणीचं वरण शिजलं. संध्याकाळी काकांनी घड्याळ आईपुढे ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाले, "आमचा हात चुकला, वहिनी. परत पळाय लागलंय. सांभाळून घ्या." आपल्या कामाला त्यांनी स्वतः नाव ठेवल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

आता काका नाहीत, आई नाही, भोंगाही ऐकू येत नाही. रोज सकाळी मी ते घड्याळ चार मिनिटं मागे घेतो. मध्यंतरी पट्टा बदलताना एका घड्याळजीने विचारलं, "पुढं पळतंय साहेब, दुरुस्त करून देऊ?" मी ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं.